रुसलेले इंजिन

कारब्युरेटरचे जुने इंजिन सुरू होईनासे झाले की जाणता मिस्त्री एकदम हत्याराला हात घालीत नाही. आधी तो दोनच गोष्टींची चौकशी करतो: पेट्रोल पोहोचते आहे काय आणि ठिणगी पडते आहे काय. ही चौकशी मोटारीइतकीच जुनी आहे. तिच्या आरंभी कोणी इंजिनिअर नसून माहेरी निघालेली एक गृहिणी आहे.

कार्ल बेंझ यांनी जानेवारी १८८६ मध्ये मानहाइम येथे आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. त्यांच्या पत्नी बर्थाबाई यांनी लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम कार्ल यांच्या धंद्यात घातली होती. गाडी अपेशी ठरती तर ते स्त्रीधनही बुडाले असते. ऑगस्ट १८८८ मध्ये, पतीला न कळवता, १५ व १३ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन त्या सुमारे १०० किलोमीटरांवरील फोर्ट्‌झहाइमला त्याच मोटारीने निघाल्या. पेट्रोलपंप तेव्हा जगात कोठेच नव्हता. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रोइन त्यांनी विकत घेतले. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे वेष्टन झिजले, तेव्हा मोज्याचा बंद तिच्यावर गुंडाळला. मिस्त्रीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच प्रवासात मिळाली! चढणीवर मुलांनी गाडी ढकलली, आणि संध्याकाळी पोहोचल्याची तार घरी गेली.

त्या मोटारीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जाऊन वाफ घेत असे. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा उडविणारा कारब्युरेटर रचला, आणि रोगांची जातही बदलली. जेटमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला तरी इंजिन उपाशी राहते. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. पण चोक फार वेळ ओढला तर पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतात. अशा वेळी बॉनेटपाशी पेट्रोलचा उग्र वास येतो. उतावळा चालक पुन्हा चोकच ओढतो. शहाणा तो आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवितो, म्हणजे हवा शिरून प्लग सुकतात.

स्टार्टर येण्यापूर्वी सारा भार हँडलवर होता. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलट झटका देई व मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, तेव्हा ही भीती सरू लागली.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या चालकांना ही सारी विद्या तोंडपाठ असे. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ झाली तर पंपावर ओले फडके ठेवावयाचे, पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून कोरडे पुसावयाचे. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. नव्या गाडीत इंधन सोडण्याचे काम इंजेक्शन यंत्रणा करते, आणि तिला ओढावयास चोक नाही.