तगरची पांढरी

मराठवाड्यात गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. धाराशिवच्या ईशान्येला, तेरणेच्या काठी असलेल्या तेरची पांढरी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. या गावातली देवळे, समाधी आणि टेकाडे पाहत हिंडताना मला एकच प्रश्न पडत होता : जुन्या गावातले नेमके काय टिकते?

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. बाजार ओसरल्यावरही त्याच्या नावाची पत शतकानुशतके चालत होती.

भडोचपुढची वाट त्याच ग्रंथात सापडते. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या ओमानमधील धोफार प्रांतात, मोस्खा नावाचे बंदर होते. हंगाम टळला की भडोचची जहाजे तिथेच मुक्काम करीत आणि कापड, गहू, तिळाचे तेल देऊन धुपाचा सुगंधी डिंक घेत. हे बंदर म्हणजे खोर रोरी येथील सुमहुरमचे अवशेष, असे अभ्यासक मानतात. तिथल्या उत्खननात एका भारतीय स्त्रीची लहानशी कांस्यमूर्ती निघाली. कापड कुजले, डिंक जळून गेला. मागे राहिली ती मूर्ती.

तेरमध्येही असेच झाले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या इथल्या वस्तुसंग्रहालयात मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिचे साम्य १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती.

गावात आजही उभे आहे ते त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. मूळचे हे बौद्ध चैत्यगृह. पुढे तिथे विष्णू आला आणि वास्तू वाचली. नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. तिथे वारकऱ्यांची गर्दी असते, म्हणून तिची निगाही राहते. पूजा चालू असली की भिंतीला राखणदार मिळतो.

बाजाराला असा देव नसतो. विणकर, गाडीवान, मणी घडवणारे यांची समाधी कुणी बांधली नाही. त्यांचा पुरावा म्हणजे टेकाडांतली खापरे, विटा आणि राख. धाब्याच्या घरांवर घालायला पांढऱ्या मातीची पाटी भरावी, तर तिच्यातूनही तगर थोडे थोडे निघून जाते. संग्रहालयाच्या कपाटात वस्तू सुरक्षित राहते. पण ती कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती, हे फक्त पांढरीलाच ठाऊक असते. समाधीइतकीच राखण त्या मातीची झाली, तरच तगरच्या विणकराचा माग आपल्याला लागेल. गोरोबांच्या गावाला मातीची किंमत परक्याने सांगायला नको.