चढणीचे मासे

जूनच्या पहिल्या दणक्याने ओढा गढूळ झाला की आमच्या मामांच्या गावात, नाणे मावळात, रात्री कुणी घरात थांबत नाही. बॅटरी, घमेलं, फाटकी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन सगळे खाचरांकडे. इंद्रायणीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात मासे वर चढत असतात. बांधाच्या तोंडाशी पाण्याची वीतभर धार पडते, तिच्यावर ते उलटे उड्या घेतात. चुकलेला चिखलात तडफडतो. मामा तो उचलतात, पोटावरून अंगठा हलकेच शेपटीकडे ओढतात आणि बोटावर राजगिऱ्यासारखे पिवळे दाणे येतात. "भरलीये," म्हणतात आणि मासा घमेल्यात जातो.

हे चढणीचे मासे. घाट उतरून कोकणात गेलात की तेच वलगणीचे. या नावात जात येत नाही. मळ्या असो, शिंगटी असो, पाण्याच्या उलट निघाला की तो चढणीचा. नदीतलं पाणी फुगतं, वेगाने वाहतं. खाचरात मात्र ते उथळ, कोमट, किड्यामुंग्यांनी भरलेलं आणि मोठ्या माशांपासून सुरक्षित. पिल्लांना वाढायला याहून चांगली जागा नाही. म्हणून माद्या अंडी पोटात घेऊन चढतात, आणि चढतात तेव्हाच सापडतात.

जातींची नावं भोयांची. ती पुढे कुठे गेली ते गमतीचं आहे. मुंबई सरकारच्या सेवेतले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं १८३९ साली लंडनला प्रसिद्ध केली, आणि लॅटिन नावं बनवताना स्थानिक बोली तशीच उचलली. त्यातून शास्त्राला मुल्या मिळाला, सींगटी मिळाली, नुक्ता मिळाला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यांनी खुद्री म्हटलं. तोच आजचा टॉर खुद्री, निळ्या परांचा महसीर. मासा ज्याने पाण्यातून काढला त्याचं नाव मात्र त्या कागदात कुठे नाही.

पूर्वी ही मासेमारी चारपाच रात्रींची असे. बांबूच्या कामट्यांचा सापळा, पाग किंवा नुसते हात. ज्याला जे सापडेल ते, लहान-मोठं काही निवडलेलं नाही. मग नायलॉन आलं. कांडाळीचं जाळं स्वस्त, कुजत नाही, पुलाखाली रात्रभर लावून ठेवता येतं, आणि त्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, सगळीकडे सारखा. मामा आस बोटांनी मोजतात. त्या आसातून डोकं गेलं आणि अंग अडकलं की मासा कल्ल्यांशी गुंततो. बारीक मासा पार होतो. मोठा अडकतो.

ज्या मादीची प्रकृतीच आधी अंग वाढवायचं आणि मग अंडी धरायची अशी आहे, ती अंडी धरण्याआधीच आसाएवढी होते. जी हाताच्या बोटाएवढी असतानाच घाईने अंडी धरते, ती जाळ्यात जाण्याआधी एकदा तरी पिल्लं सोडून मोकळी होते. पुढच्या वर्षी ओढ्यात जास्त पिल्लं कुणाची? घाईची. ही घाई थोडी रक्तातून येते, थोडी पाणी आणि खाण्यातून. रक्तातली पिढीला पिढी साठत जाते. मासेमार कुणाचंही वाईट चिंतत नाही. त्याचं जाळं मात्र दर वर्षी बियाणं निवडतं.

बियाण्याची निवड काय असते हे मावळाला शिकवायला नको. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आधीही कुणबी हेच करत होता: भरलेली, निरोगी लोंबी वेगळी काढून बियाण्याला ठेवायची, उरलेलं खायचं. आणि त्याच खाचरात, त्याच पाण्यात, तोच माणूस भरलेली मादी खातो आणि बारकी बियाण्याला सोडतो. बांधाच्या वर एक नियम, खाली बरोब्बर उलटा.

हे खटकलेला पहिला माणूस मी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो नदीवर सामन माशाचा अभ्यास करणारे क्लाउड्स्ली रटर यांनाही गुरं पाळणाराच आठवला होता: चांगली गुरं विकून खुरटी पैदाशीला ठेवणारा शेतकरी कुणी पाहिला आहे का? न्यूयॉर्क राज्यातल्या डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच या शास्त्रज्ञांनी हेच तपासायला अटलांटिक सिल्व्हरसाइड हा बारीक मासा टाक्यांत वाढवला. काही टाक्यांतून दर पिढीला नव्वद टक्के मासे काढले ते मोठ्यांकडून सुरुवात करून, काहींतून लहानांकडून. २००२ साली त्यांनी निकाल मांडला. चारच पिढ्यांत लहान काढलेल्या टाक्यांतले मासे वजनाने मोठे काढलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट भरले. नंतर निवड थांबवली, तर खुरटलेपण पाच पिढ्यांनीही पुरतं गेलं नाही. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची मासेमारी १९९२ मध्ये बंद करावी लागली. त्याआधीच तिथले मासे लहान वयात, लहान अंगाने अंडी धरू लागल्याचं नोंदींत दिसत होतं.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी याच्या उलट टोकाचं काम चालतं. टाटांच्या वीजप्रकल्पाचे तलाव शंभर वर्षांपूर्वीचे. तिथल्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हात शेपटीकडे ओढायचा, अंडी ताटात घ्यायची, त्यात नराचं रेत मिसळायचं. हात तोच, अंगठा तोच, मामांचा. पण इथे माय-बाप माणूस ठरवतो, आणि मूठभर माय-बापांची पिल्लं लाखांनी नद्यांत जातात. खुद्रीला त्याचा फायदा झाला. तिकडे कावेरीत मात्र हीच पिल्लं सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडत गेला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पाण्यात माणसाने निवड केली की ती निर्धोक राहत नाही, हे मला आता पटत चाललंय.

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवला; पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत धरायचं नाही. एकदा तरी अंडी घालू द्या, हा हेतू उत्तम. पण त्यावरचे सगळे धरले तर दट्ट्या पुन्हा मोठ्यांवरच. काही देशांत म्हणूनच मधले धरतात, पिल्लं आणि थोराड माद्या दोन्ही सोडतात. आपल्याकडे हे फक्त देवाच्या नावाने जमलंय. देहूच्या घाटाखाली, महाडजवळच्या वाळण कोंडीत माशांना लोक खाऊ घालतात, मारत नाहीत, आणि म्हातारा मासा तिथेच पाहायला मिळतो.

मामांना हे सगळं मी गेल्या वर्षी सांगितलं, बांधावर भिजत. त्यांनी ऐकून घेतलं. "मग तू सोड की एखादी," म्हणाले आणि घमेलं पुढे केलं. सगळ्यात जड मादी मी हातात घेतली, तोवर मागून मामींची हाक आली, भाकऱ्या झाल्या होत्या. पाहुण्याच्या ताटात गाभोळी घालायची ही आमच्याकडची रीत आहे. त्या रात्री पाहुणा मीच होतो.