उपचारांना दाद न देणारा रक्तक्षय : मुंबईतील संशोधनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रक्तक्षय अथवा पांडुरोग हा भारतीय समाजाच्या परिचयाचा विकार आहे. लोहाची कमतरता हे त्याचे सर्वांत प्रचलित कारण होय. तथापि लोह देऊनही न हटणारा रक्तक्षय असतो आणि त्याचे मूळ रक्तपेशी निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेत असू शकते. असा रक्तक्षय 'असाध्य' मानण्याची सीमारेषा काळानुसार कशी बदलत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबईतील संशोधन :
जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका तरुण गर्भवतीची अस्थिमज्जा रक्तनिर्मितीस असमर्थ झाल्याचे नोंदविले. १९२६ मध्ये मायनॉट व मर्फी यांनी यकृताच्या आहाराने घातक रक्तक्षय आटोक्यात येतो, हे दाखविले. याच पार्श्वभूमीवर १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गर्भवती स्त्रियांच्या जिवावर बेतणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास हे त्यांचे कार्य होते. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, परंतु संख्येने अल्प होत्या. विल्स यांनी जंतूंचा शोध घेतला, तसेच स्त्रियांच्या ताटातील अन्नही तपासले. गरीब स्त्रियांचा निकृष्ट आहार आणि हा विकार यांचा संबंध त्यांच्या ध्यानी आला. यीस्टचा अर्क असलेल्या 'मार्माइट'ने रुग्ण बरे होतात, हा निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. शुद्ध केलेला यकृताचा अर्क या विकारावर निष्प्रभ ठरतो, कच्चा अर्क मात्र गुणकारी ठरतो, असेही पुढे आढळले. अर्थात येथे उणीव निराळ्याच घटकाची होती. १९४१ मध्ये त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील अमेरिकेतील चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केले. काल जे असाध्य होते, ते आज एका गोळीने साध्य झाले.

शेष राहिलेले रुग्ण :
लोह, यकृत व जीवनसत्त्वे देऊनही काही रुग्ण सुधारत नव्हते. ऱ्होड्स व बार्कर यांनी १९३८ मध्ये अशा शंभर रुग्णांचा अभ्यास मांडला. काहींची अस्थिमज्जा रिकामी, तर काहींची पेशींनी भरलेली असूनही सदोष पेशी निर्माण करणारी असते, हा भेद कालांतराने स्पष्ट झाला. दुसऱ्या प्रकारातील काही रुग्णांत पुढे रक्ताचा कर्करोग उद्भवतो. फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटाने १९८२ मध्ये या प्रकाराचे वर्गीकरण केले. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात तर 'दाद न देणारा रक्तक्षय' हे नावच प्रौढांच्या बाबतीत वगळण्यात आले. रोगाची ओळख उपचारांच्या अपयशावरून नव्हे, तर मज्जेतील दोषावरून व्हावी, हे त्यामागील तत्त्व होय. दरम्यान १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. परंतु सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. इतरांना औषधे व वारंवार दिले जाणारे रक्त यांवर विसंबावे लागते.

ग्रामीण संदर्भ :
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा मुंबईशी संबंध जुना आहे. डबेवाल्यांच्या व्यवसायात या परिसरातील कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत. पारगावसारख्या गावात थकवा व फिकेपणा असलेल्या स्त्रीला प्रथम लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत ते योग्यच असते. प्रश्न उरतो तो गोळ्यांनी न सुधारणाऱ्या रुग्णाचा. गोळ्या नियमित घेतल्या नसाव्यात, असा दोष अनेकदा तिच्याच माथी येतो. वस्तुतः फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, जी सहज भरून काढता येते. अथवा दोष मज्जेतच असू शकतो. वारंवार रक्त घेणाऱ्या अशा रुग्णाच्या शरीरात लोह साचते. तेथे लोहाची अधिक गोळी औषध न राहता अपाय ठरते.

निष्कर्ष :
'दाद न देणारा' हे विशेषण दीर्घकाळ रुग्णाला चिकटविले गेले. इतिहास मात्र असे दर्शवितो की, अनेकदा ते तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेचे वर्णन होते. विल्स यांनी मुंबईतील गरीब स्त्रियांना दोष न देता उपचारालाच प्रश्न विचारला. उपचार निष्फळ ठरल्यास मात्रा वाढविण्यापूर्वी निदान पुन्हा तपासावे, हाच या इतिहासाचा बोध होय.