परराज्यातला विद्यार्थी: आधी पाहुणा, मग गिऱ्हाईक



आजचा विषय वरवर पाहता फीचा आहे, पण त्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. एखाद्या ठिकाणचा 'आपला' माणूस कोण, आणि तो कशामुळे आपला ठरतो?

आधी दोन आकडे सांगतो. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांची 2024-25 या वर्षाची सरासरी फी त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याला 11,610 डॉलर होती आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला 30,780 डॉलर. यात राहण्या-जेवण्याचा खर्च धरलेला नाही. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवीही तीच. तरीही दोघांच्या फीत वर्षाला एकोणीस हजार डॉलरांहून जास्त फरक. एवढ्या फरकाला काहीतरी समर्थन हवं ना? ते काय दिलं जातं, आणि गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ते कसं बदलत गेलं, हे आज बघू.

नेहमीचं उत्तर कराचं असतं. राज्यातल्या आईबापांनी वर्षानुवर्षं कर भरला, त्या पैशातून विद्यापीठ चाललं, म्हणून त्यांच्या मुलांना सवलत. बाहेरच्याने काही भरलेलं नाही, त्याने पूर्ण किंमत मोजावी. ऐकायला अगदी रास्त वाटतं. आपल्याकडे सोसायटीच्या हॉलचं भाडं सभासदाला कमी आणि बाहेरच्याला जास्त असतं, तसंच हे.

पण इतिहासात थोडं मागे गेलं की ही मांडणी डळमळायला लागते. 2 जुलै 1862 रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजांसाठी केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. हिशोब असा की राज्याचा प्रत्येक सिनेटर आणि प्रत्येक प्रतिनिधी यांच्यामागे 30,000 एकर. आता गंमत बघा. पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत केंद्राच्या मालकीची जमीन शिल्लकच नव्हती. म्हणून त्यांना हक्कपत्रं मिळाली, आणि ती वापरायची पश्चिमेकडच्या दुसऱ्या राज्यांतल्या जमिनींवर. न्यूयॉर्कच्या वाट्याला सुमारे 9 लाख 90 हजार एकर आले. त्यातून कॉर्नेल विद्यापीठ उभं राहिलं, आणि त्याच्या निधीचा मोठा भाग विस्कॉन्सिनमधल्या पाइनच्या जंगलांच्या विक्रीतून आला. ती जंगलं त्याआधी ओजिब्वे वगैरे मूळ रहिवासी जमातींकडून करार करून काढून घेतलेली होती. आजही कॉर्नेलच्या शेती कॉलेजात न्यूयॉर्कच्या रहिवाशाला कमी फी पडते आणि विस्कॉन्सिनहून आलेल्याला जास्त. भांडवल कुणाच्या जमिनीतून आलं असं विचारलं, तर उत्तर अवघड होऊन बसतं.

म्हणजे 'आम्ही भरलं म्हणून आमचं' हा युक्तिवाद पायापासूनच पूर्ण खरा नव्हता. विद्यापीठात केंद्राचा पैसा होता, दुसऱ्यांच्या जमिनी होत्या आणि राज्याचा करही होता.

तरी त्या काळच्या राज्यांच्या मनात एक मोठी कल्पना होती, तिचं श्रेय द्यायला हवं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 1868 साली स्थापन झाली. उत्पन्न पुरेसं झालं की राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना प्रवेश आणि शिक्षण मोफत, असं तिच्या स्थापनेच्या कायद्यातच लिहिलं होतं. 1960 साली क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तिथला उच्चशिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' झाला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांसाठी राज्य कॉलेजं, आणि बाकी सगळ्यांसाठी दोन वर्षांची सामुदायिक कॉलेजं. रहिवाशांना शिकवणीची फी नाही, हे तत्त्व तेव्हा पुन्हा एकदा मान्य झालं. या व्यवस्थेत परराज्यातला विद्यार्थी म्हणजे पाहुणा. त्याच्याकडून जास्त फी घ्यायची ती कुंपण म्हणून, आपल्या मुलांची जागा राखण्यासाठी.

आता कोर्टाकडे येऊ. मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून या प्रकरणात सगळ्यात जास्त रस तिथेच आहे.

1969 साली 'शपिरो विरुद्ध थॉम्पसन' हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. विषय कॉलेजचा नव्हता, गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा होता. राज्यं म्हणत होती की नव्याने आलेल्यांना वर्षभर थांबवू, कारण त्यांनी अजून कर भरलेला नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. हाच तर्क पुढे नेला तर नव्या रहिवाशाला शाळा, बाग, वाचनालय, पोलीस, आगीचा बंब हे सगळंच नाकारता येईल, असं न्यायालयाचं म्हणणं. नागरिकाने पूर्वी किती भरलं त्याच्या प्रमाणात राज्याला सेवा वाटता येत नाहीत. विद्यापीठांच्या फीबद्दल आपण इथे काही बोलत नाही, असंही न्यायालयाने तळटीपेत नोंदवून ठेवलं.

मग तो प्रश्न आलाच. मिनेसोटातला एक वर्ष वास्तव्याचा नियम 1971 साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. 1973 साली 'व्लांडिस विरुद्ध क्लाइन' हा कनेक्टिकटचा खटला आला. तिथला नियम फार कडक होता. अर्ज करताना विवाहित विद्यार्थ्याचा पत्ता बाहेरचा असेल, किंवा अविवाहित विद्यार्थी आधीच्या वर्षात कधीही बाहेर राहत असेल, तर शिक्षण संपेपर्यंत तो बाहेरचाच. एका विद्यार्थिनीने कनेक्टिकटच्या माणसाशी लग्न केलं होतं, ती तिथे राहायला आली होती. वाहन परवाना तिथला, गाडीची नोंदणी तिथली, मतदार यादीत नावही तिथलं. तरी विद्यापीठाच्या लेखी ती परकीच! न्यायालयाने तो नियम रद्द केला. राज्याने बाहेरच्यांकडून जास्त फी घ्यायला हरकत नाही, पण आपण आता इथले झालो आहोत हे सिद्ध करायची संधी माणसाला मिळालीच पाहिजे.

इथे जरा थांबू या. 'रहिवासी' या शब्दाचा अर्थ इथे बदललेला दिसतो. मागे किती भरलं हा निकष कमजोर झाला, आणि माणसाचा पुढे इथेच राहण्याचा इरादा आहे का, हा प्रश्न पुढे आला. इरादा तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मग त्याच्या खुणा शोधायच्या: परवाना, मतदान, भाडेकरार, कराचं विवरणपत्र.

हाच प्रश्न आपल्या देशात त्याच्या बऱ्याच आधी, 1955 साली, आला होता. 'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य' असा तो खटला. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात मध्य भारतातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी नव्हती, आणि बाहेरच्यांना 1300 ते 1500 रुपये होती. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने आव्हान दिलं की हा जन्मस्थानावरून केलेला भेदभाव आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की जन्मस्थान वेगळं आणि अधिवास वेगळा, त्यामुळे घटनेच्या पंधराव्या कलमाचा भंग होत नाही. त्यात एक कारण असंही दिलं की राज्यातली मुलं शिकून कदाचित तिथेच डॉक्टर म्हणून राहतील आणि त्या भागाची गरज भागवतील. हेही कारण भविष्याकडे बघणारंच आहे. डोमिसाइल सर्टिफिकेटसाठी रांगेत उभं राहिलेल्या आपल्या प्रत्येकाच्या घराशी या निकालाचा संबंध आहे.

म्हणजे दोन्ही देशांत टिकण्याजोगं समर्थन एकच उरतं. राज्य आणि त्याची मुलं यांच्यात एक करार आहे, आम्ही तुला शिकवू आणि तू इथल्या समाजाचा भाग होशील. हा करार मला मान्य होण्यासारखा वाटतो. पण करार म्हटला की त्याला दोन बाजू आल्या. राज्याने आपली बाजू पाळली का?

पुन्हा कॅलिफोर्नियात जाऊ. 1970 साली, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना, रहिवाशांवर 'शैक्षणिक शुल्क' आलं. 'ट्यूशन' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला गेला, तो अधिकृतपणे यायला 2010 साल उजाडलं. 1978 साली 'प्रोपोझिशन 13' मंजूर होऊन मालमत्ता करावर मर्यादा आली आणि राज्याच्या तिजोरीवरचा ताण वाढला. 2008 च्या मंदीनंतर विद्यापीठांचं अनुदान जोरात कापलं गेलं. त्याच सुमारास परराज्यातल्यांची जादा फी ज्या कॅम्पसने मिळवली त्याच्याकडेच राहू लागली. मग काय होणार? कॅम्पस बाहेरचे विद्यार्थी शोधू लागले. पूर्वी असा संकेत होता की बाहेरून घेतलेला विद्यार्थी प्रवेश मिळालेल्या स्थानिकांच्या वरच्या निम्म्यात बसेल असा हुशार हवा. 2011 साली तो सैल केला गेला. 2016 साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिलं की या धोरणांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचं नुकसान झालं. त्यानंतर 2017 साली विद्यापीठाने बाहेरच्यांवर 18 टक्क्यांची मर्यादा घातली, आणि ज्या चार कॅम्पसवर आधीच जास्त होते, तिथे आहे त्या प्रमाणावर थांबायचं ठरवलं. नॉर्थ कॅरोलायनात अशी 18 टक्क्यांची मर्यादा 1980 च्या दशकापासूनच आहे. उलट युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामात आज निम्म्याहून जास्त विद्यार्थी परराज्यातले आहेत.

आपल्या महापालिकांची जकात आठवा. एकदा तिच्यावर गावाचा खर्च चालायला लागला की नाक्यावरची गर्दी वाढावी असंच गावाला वाटू लागतं. इथेही तसंच झालं. बाहेरच्याकडून जास्त फी घ्यायची कारण तो बाहेरचा आहे, असं पूर्वी म्हणत. आता त्याला घ्यायचंच मुळी तो जास्त फी देतो म्हणून. कुंपण होतं तिथे दुकान आलं. आणि किंमत कुणी मोजली? राज्यातल्या मध्यम गुणांच्या, मध्यम ऐपतीच्या मुलाने, आणि कर्ज काढून दूरच्या राज्यात शिकायला गेलेल्यानेही. परराज्यातल्या विद्यार्थ्याला दोष देऊन इथे काही साधत नाही. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं ते अनुदान कापणाऱ्यांनी.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिथे शिकतात, म्हणून हेही सांगतो. स्टुडंट व्हिसाची अटच अशी की मायदेशी परतण्याचा इरादा हवा. मग पाच वर्षं तिथे राहून, भाडं आणि विक्रीकर भरूनही तो सहसा रहिवासी धरला जात नाही. दुसरं उदाहरण एच-1बी व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांचं. मूल लहानपणापासून एका राज्यात वाढतं, तिथल्याच शाळेत शिकतं, आणि एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसाच्या आधारातून बाहेर पडतं. मग ते स्टुडंट व्हिसावर गेलं की अनेक ठिकाणी त्याच्या फीचाच प्रश्न उभा राहतो. सगळं बालपण जिथे गेलं तिथलं ते नाही, मग कुठलं? टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांनी 2001 साली यावर एक वेगळं उत्तर काढलं होतं: राज्यातल्या हायस्कुलात ठरावीक वर्षं शिकून तिथूनच उत्तीर्ण झालेल्याला रहिवाशाची फी, मग त्याचे कागद असोत वा नसोत. टेक्सासमधली कागद नसलेल्यांची ही सवलत 2025 साली केंद्र सरकारच्या दाव्यानंतर कोर्टाच्या हुकमाने थांबली. पण त्या उत्तरामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. भरलेल्या करापेक्षा आणि कागदावरच्या इराद्यापेक्षा, मूल प्रत्यक्ष कुठे वाढलं हे त्याने पाहिलं.

शेजाऱ्यांनी मार्ग काढल्याचीही उदाहरणं आहेत. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून परस्परांच्या विद्यार्थ्यांना सवलतीच्या फीत घेण्याचा करार आहे. पश्चिमेकडची राज्यं एका योजनेत परस्परांच्या मुलांकडून रहिवासी फीच्या दीडपटीहून जास्त घेत नाहीत. म्हणजे सीमा ठेवूनही ती माणुसकीने वापरता येते.

थोडक्यात सांगायचं तर, राज्याने आपल्या मुलांना झुकतं माप द्यावं, त्यात अन्याय नाही. पण ते माप देण्याचा अधिकार, आपल्या मुलांची जागा आणि परवडणारी फी खरोखर सांभाळली तरच राहतो. ती जबाबदारी सोडली आणि बाहेरच्यांकडून वसुली मात्र चालू ठेवली, तर त्या फीला रहिवासाचं नाव देण्यात अर्थ नाही. इथे महाराष्ट्रात डोमिसाइलचा वाद पुढच्या वेळी ऐकाल, तेव्हा एवढंच विचारा: राखलेल्या जागेवर बसलेल्या आपल्या मुलाची फी त्याच्या घराला झेपते का?