मालक अनेक, पण खातं एक

मागच्या हंगामात कांद्याच्या चाळीत काम करताना आमच्या गटातल्या एका ताईंचा पाय मोडला. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे असं त्यांचं काम. दवाखान्याचा खर्च मागायला गेलो, तर चाळीचा मालक म्हणाला, "त्या काय माझ्याकडे कायम होत्या का?" शेवटी ताईंनी गटाचंच कर्ज काढलं. तेव्हापासून मला माथाडी कामगारांचा इतिहास आठवतो. तोच आज सांगते.

माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. सातारा-पुण्याकडची कितीतरी माणसं मुंबईच्या दाणाबाजारात, लोखंडबाजारात हे काम करायची. माल आला तर काम, नाही तर बसून राहायचं. व्यापाऱ्याचीही अडचण खोटी नव्हती. रोज माल येत नसेल, तर बारा महिने माणसं कशी ठेवणार? पण भोगायचं सगळं हमालानं. रजा नाही, फंड नाही, म्हातारपणाची सोय नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली. लढे झाले आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्यानं हमालाला एका मालकाकडे कायम केलं नाही. मंडळं नेमली. त्यांवर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. मंडळात हमालाची नोंद आणि व्यापाऱ्याचीही. टोळीनं कुणाकडेही काम करावं; व्यापाऱ्यानं मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर लेव्ही म्हणून जादा रक्कमही. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. मालक बदलला तरी हमालाचं खातं तेच राहतं.

आपलंही काम असंच बदलतं. पेरणी, खुरपणी, तोडणी, मध्येच घरचं आजारपण. बायकांना असं काम सोयीचंही पडतं. पण माथाडींच्या नोंदीत बायका फार थोड्या. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. राबायचं दोघांनी, हिशोब एकाच्या नावावर.

बांधकामावर मात्र वाट आहे. 1996 च्या कायद्यानं बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आलं. त्याचा निधी बांधकामाच्या खर्चावरच्या उपकरातून जमतो. वय 18 ते 60 असेल आणि वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर घमेली उचलणाऱ्या बाईलाही स्वतःच्या नावानं नोंद करता येते. नवऱ्याची नोंद असली म्हणून आपली झाली, असं समजू नका.

पुढच्या बैठकीपासून बचतीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. तारीख, काम, मालकाचं नाव, मजुरी. एवढंच लिहा. या वहीनं मोडलेला पाय बरा होणार नाही. पण "तुम्ही माझ्याकडे कामाला होतात कुठं?" असं कुणी म्हणालं, तर आपल्याकडे दाखवायला काही असेल. आणि कायदा मागायला जाऊ, तेव्हाही ही वही हातात असेल.