शांग खरे निघाले, म्हणून शियाही खरे?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी गाईडना एक ग्राफ दाखवला होता. सहा नमुन्यांचे आकडे जुन्या पेपरमधल्या आकड्यांशी छान जुळत होते. सातव्या नमुन्याचं मोजमाप व्हायचं होतं, पण मी रेषा तशीच पुढे ओढून दिली. मॅडमनी एवढंच विचारलं, "सहा जुळले म्हणून सातवा जुळेलच, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुळावा अशी माझी इच्छा होती, एवढंच खरं.

तेव्हापासून मी अशा 'पुढे ओढलेल्या रेषा' शोधायला लागले. सगळ्यात चांगलं उदाहरण मला माझ्या विज्ञान शाखेत नाही, तर प्राचीन चीनच्या इतिहासात सापडलं. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं असं वाटतं, म्हणून आज हा लेख.

एक यादी आणि भरपूर संशय

इ.स.पू. १०० च्या सुमारास सिमा चियान नावाच्या चिनी इतिहासकाराने 'शिजी' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आरंभीच्या तीन राजघराण्यांची हकीकत येते: शिया, शांग आणि झोऊ. शिया घराण्याचा मूळपुरुष यू. त्याने महापुराचं पाणी वाहून नेण्यासाठी नद्यांना वाटा करून दिल्या, अशी कथा. मग शांग घराण्याच्या तांग राजाने शियांना हटवलं, आणि पुढे झोऊंनी शांगांना हटवलं.

आता अडचण बघा. सिमा चियान शांगांच्या शेवटानंतर साधारण साडेनऊशे वर्षांनी लिहितोय. त्याच्याकडे शांग राजांची सलग यादी कुठून आली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्याच काही अभ्यासकांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. त्यातला प्रमुख म्हणजे गू जिएगांग. १९२३ मध्ये त्याने एक निरीक्षण मांडलं: ग्रंथ जितका उशिराचा, तितके त्यातले राजे अधिक प्राचीन! सर्वांत जुन्या साहित्यात यू भेटतो. कन्फ्यूशियसच्या काळापर्यंत त्याच्या आधीचे याओ आणि शुन आलेले असतात. त्यानंतर त्यांच्याही आधीचा पीत सम्राट येतो. म्हणजे इतिहास खालून वर नाही, तर वरून खाली वाढत गेला. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एखादा दावा दहा ठिकाणी दिसला, तर ते दहा पुरावे असतीलच असं नाही. एकाचंच दहांनी उचललेलं असू शकतं.

हाडांनी दिलेली साक्ष

गंमत म्हणजे, शांगांपुरतं उत्तर तोवर सापडायला लागलं होतं. १८९९ मध्ये बीजिंगमधला अधिकारी आणि विद्वान वांग यिरोंग याने काही जुन्या हाडांवर कोरलेली अक्षरं ओळखली. ही हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधासाठी विकली जायची. (आजारपणात आणलेल्या औषधातच त्याला अक्षरं दिसली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट छान आहे, आधार कच्चा आहे.) पुढे हाडांचा माग हेनान प्रांतातल्या आनयांगजवळच्या एका खेड्यापर्यंत गेला. तिथे १९२८ ते १९३७ या काळात पद्धतशीर उत्खनन झालं आणि शांगांची शेवटची राजधानी उजेडात आली.

ही हाडं म्हणजे बैलाच्या खांद्याची हाडं आणि कासवाच्या पोटाकडची कवचं. राजाचे भविष्यवेत्ते त्यांना उष्णता देत, तडे पडत आणि त्या तड्यांवरून कौल लावला जाई. पाऊस पडेल का? पीक येईल का? राजाची दाढ कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे दुखतेय? राणीचं बाळंतपण सुखरूप होईल का? हे प्रश्न हाडावरच कोरून ठेवलेले आहेत.

१९१७ मध्ये वांग ग्वोवेई याने या लेखांमधली पूर्वज-राजांची नावं काढून 'शिजी'तल्या यादीशी ताडून पाहिली. यादी बऱ्याच अंशी जुळली! एका ठिकाणी तर हाडांनी ग्रंथाची चूक दाखवली: तीन पूर्वजांचा क्रम सिमा चियानने दिंग, यी, बिंग असा दिला होता, फुटलेल्या हाडांचे तुकडे जोडल्यावर तो यी, बिंग, दिंग असा निघाला. माझ्या मते ही चूक सापडणं हाच सगळ्यात भक्कम पुरावा आहे. दोन स्रोत एकमेकांची नक्कल नाहीत, हे त्यावरूनच कळतं.

१९७६ मध्ये फू हाओ या राणीची न लुटलेली कबर सापडली. वू दिंग राजाची ही राणी सैन्य घेऊन मोहिमेवर जायची, असं हाडांवर आधीच वाचलेलं होतं. कबरीत चारशेहून अधिक कांस्यवस्तू निघाल्या, अनेकांवर तिचं नाव. लेख आणि जमीन यांनी एकाच व्यक्तीची साक्ष दिली.

आता सातवा नमुना

इथून मोह सुरू होतो. शांगांची यादी खरी निघाली, मग त्याच ग्रंथातली शियांची यादीही खरीच असणार! हा युक्तिवाद अनेक अभ्यासकांनी केला, आजही होतो. पण हीच ती पुढे ओढलेली रेषा.

आधी शांगांचंच नीट बघू. सापडलेली बहुतेक हाडं वू दिंगपासून पुढची आहेत, म्हणजे शांगांच्या शेवटच्या साधारण दोनशे वर्षांची. संस्थापक तांग त्यांत आहे, पण ज्याला बळी अर्पण करायचा असा पूर्वज म्हणून. त्याच्या स्वतःच्या काळातला लेख नाही. आणि शिया? या हाडांमध्ये शिया घराण्याचा स्पष्ट उल्लेख सापडलेला नाही. त्यावरून शिया नव्हतेच असं म्हणणंही घाईचं ठरेल, कारण कौल लावायच्या हाडावर कोणी आधीच्या घराण्याचा इतिहास लिहीत नाही.

मग जमिनीतून काय मिळतं? १९५९ मध्ये शू शुशेंग हा अभ्यासक शियांच्याच शोधात हेनानमध्ये फिरत असताना अर्लितौ हे स्थळ नजरेत आलं. तिथे राजवाड्यांचे पाये आहेत, आखीव रस्ते आहेत, कांस्याची भांडी ओतण्याचे कारखाने आहेत. कार्बन डेटिंगनुसार काळ साधारण इ.स.पू. १७५० ते १५३०. शांगांच्या आधी तिथे मोठी सत्ता होती, याबद्दल शंका नाही. पण राजाचं नाव सांगणारा एकही लेख तिथे मिळालेला नाही. कार्बन डेटिंग काळ सांगतं, नाव सांगत नाही.

१९९६ मध्ये चीन सरकारने या तीन घराण्यांचा कालक्रम ठरवण्यासाठी मोठा प्रकल्प हाती घेतला. सुमारे दोनशे तज्ज्ञ होते: इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ, खगोलशास्त्रज्ञ, कार्बन डेटिंगवाले. झोऊंच्या विजयाची चाळीसहून अधिक वेगवेगळी वर्षं अभ्यासकांनी सुचवलेली होती. प्रकल्पाने २००० मध्ये इ.स.पू. १०४६ हे वर्ष दिलं. शियांची सुरुवात दिली इ.स.पू. २०७०. हा आकडा आला कसा? शांगांच्या अंदाजे १६०० या आरंभात एका जुन्या ग्रंथातली ४७१ वर्षं मिळवून. म्हणजे जो ग्रंथ तपासायचा, त्याचाच आकडा उत्तरात बसला.

२०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर आला. पीत नदीच्या जिशी घळीत दरड कोसळून बांध तयार झाला होता आणि तो इ.स.पू. १९२० च्या सुमारास फुटून प्रचंड पूर आला, असं भूशास्त्रीय पुराव्यांवरून मांडलं होतं. तिथवर काम मोजमापाचं आहे. पण पुढे लेखकांनी म्हटलं की हाच यूच्या कथेतला महापूर असू शकतो आणि तसं असेल तर शियांची सुरुवात इ.स.पू. १९०० च्या आसपास धरता येईल. त्यावर लगेच आक्षेप आले. पूर आला हे एक विधान, आणि तो *यूचाच* पूर हे दुसरं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही.

कथा कोणाच्या उपयोगाची होती?

इथे तत्त्वज्ञानाचा संबंध येतो. झोऊंनी शांगांना हटवलं, तेव्हा त्यांना लोकांना पटवायचं होतं की हे बंड नाही. त्यांनी 'स्वर्गाचा आदेश' ही कल्पना मांडली: राजा दुराचारी झाला की स्वर्ग त्याचा अधिकार काढून घेतो आणि लायक माणसाला देतो. मग शांगांच्या वंशजांना त्यांनी सांगितलं, की तुमच्या पूर्वजांनीही शियांना असंच तर हटवलं होतं! या युक्तिवादाला शियांची फार गरज होती. शियांचा शेवटचा राजा आणि शांगांचा शेवटचा राजा यांच्या दुर्वर्तनाच्या कथा एकाच साच्यातल्या आहेत, हेही लक्षात घ्या. कथा उपयोगी आहे म्हणून खोटी ठरत नाही. पण तिचा उपयोग कोणाला होता, हे विचारावंच लागतं.

आणि हा संशय फक्त आधुनिक नाही. कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१–४७९) स्वतः कबूल केलं होतं की शियांच्या विधींबद्दल आपण बोलू शकतो, पण त्यांच्या वंशजांच्या राज्यात त्याला आधार देतील एवढी कागदपत्रं आणि जाणकार उरलेले नाहीत. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला हान फेई अधिक तिखट होता. कन्फ्यूशियसचे आणि मोझीचे अनुयायी दोघेही याओ-शुन आपलेच म्हणतात आणि सांगतात मात्र वेगवेगळं. मेलेले राजे उठून निवाडा करणार नाहीत, मग खरं कोणाचं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. पुराव्याशिवाय ठाम बोलणाऱ्याला त्याने मूर्ख किंवा लबाड ठरवलं!

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक निष्कर्षासमोर तीनपैकी एक शब्द लिहून बघा: मोजलं, ताडून पाहिलं, किंवा ओढलं. शांगांचा शेवटचा काळ 'ताडून पाहिलं' या रकान्यात जातो. अर्लितौचं शहर 'मोजलं' मध्ये. अर्लितौ म्हणजे शियांची राजधानी, हे आजच्या घडीला 'ओढलं' मध्ये. उद्या तिथे एखादं कोरलेलं नाव सापडलं तर रकाना बदलेल, आणि बदलायलाच हवा.

माझ्या थीसिसमध्ये त्या ग्राफची रेषा आता सहाव्या बिंदूला थांबते. पुढे तुटक रेषा आहे आणि खाली एक ओळ: हा अंदाज आहे. मॅडमनी त्या ओळीवर काहीच शेरा मारला नाही. आमच्याकडे याचा अर्थ 'बरोबर आहे' असा होतो.