निम्म्याचा हिशेब : प्राप्तिकराच्या विवरणपत्रातील एक पोर्तुगीज प्रश्न

प्राप्तिकराचे विवरणपत्र ही साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष देऊन वाचावी अशी संहिता आहे, असे कोणी काही वर्षांपूर्वी म्हटले असते तर मी ते थट्टेवारी नेले असते. माझे मत बदलले ते एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती बोरिवलीत वाढली, एम. ए. मराठी झाली आणि आता उपनगरातल्याच एका शाळेत शिकवते. तिचा नवरा मडगावचा. लग्न गोव्यात झाले, तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात रीतसर नोंदले गेले. लग्नाच्या वेळी नवरा भारतीय नागरिक होता. पुढे आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे त्याने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आणि नोकरीसाठी तो लिस्बनला गेला. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक होणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. म्हणजे ज्याच्याशी लग्न केले तो आपल्या देशाचा, आणि ज्याच्याशी संसार चालू आहे तो परदेशाचा, अशी तिची स्थिती.

जुलैच्या अखेरीस तिचा फोन आला. "मॅडम, या फॉर्ममध्ये एक विचित्र प्रश्न आहे. पोर्तुगीज नागरी संहिता तुम्हाला लागू आहे का, असं विचारलंय. हो लिहू की नाही?"

मी काही करसल्लागार नव्हे. तिला एखाद्या सी. ए. ला विचारायला सांगितले आणि फोन ठेवला. पण प्रश्न मनातून जाईना. भारत सरकारच्या करविषयक कागदात पोर्तुगालची संहिता आली कुठून, आणि बोरिवलीतल्या शिक्षिकेशी तिचा संबंध काय? या लेखात त्या प्रश्नाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रारंभ उपनगरांच्याच भूमीपासून करावा लागतो. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी बेट, म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या भूमीवर उभे आहेत ती भूमी, पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकेपर्यंत, सुमारे दोनशे वर्षे, येथे पोर्तुगीज अंमल होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांशेजारचे चर्चचे भग्नावशेष त्याची साक्ष देतात. मात्र विवरणपत्रात ज्या संहितेचा उल्लेख आहे ती या काळातली नाही. ती १८६७ ची. विस्कोंद द सेआब्रा या कायदेपंडिताने तिचा मसुदा केला आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. तोवर साष्टी पोर्तुगीजांच्या हातून जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्यामुळे साष्टीतल्या ईस्ट इंडियन कुटुंबाला ही संहिता कधीच लागू झाली नाही. त्याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्या, पण मूळ अधिवास गोव्याचा असलेल्या कुटुंबाला मात्र लागू राहिली. धर्म एक, वस्ती एक, प्रार्थनामंदिरही एक, आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेचा कायदा मात्र वेगळा.

हा वेगळेपणा कशात आहे? विवाहापूर्वी दुसरा करार केला नसेल तर पती-पत्नीची सगळी मालमत्ता, आधीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली, काही अपवाद वगळता एकत्र होते आणि दोघे तिचे निम्मे-निम्मे मालक होतात, असे ही संहिता धरून चालते. पोर्तुगीजमध्ये या व्यवस्थेला 'कोमुन्याव दुश बेंश' म्हणतात. मराठीत आपण तिला संपत्तीची सहमालकी म्हणू. एकदा लग्न लागले की ही व्यवस्था बदलता येत नाही. घर विकायचे तर पत्नीची संमती लागते.

ही संहिता गोव्यात आली त्या सुमारास ब्रिटिश मुंबईत काय चालले होते, हे शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेविषयीचा १८७४ चा कायदा हिंदू स्त्रियांना आपल्या कक्षेत घेत नव्हता. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चे. डॉ. रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने मुंबईत दावा लावला तो १८८४ मध्ये. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित वाटा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले, आणि वारसाने आलेल्या मिळकतीवर स्त्रीची पूर्ण मालकी मान्य व्हायला १९५६. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या सुधारकांनी संमतिवय, पुनर्विवाह, केशवपन यांवर रणे माजवली; पण पती हयात असताना, संसार चालू असताना, त्या संसारातले निम्मे तिचे आहे, ही कल्पना ब्रिटिश महाराष्ट्राच्या कायद्यात शिरली नाही. ती सीमेपलीकडे होती.

तरीही गोव्याला आदर्श ठरवण्याची घाई करू नये. निम्मी मालकी दिली तरी कारभार संहितेने पतीच्याच हाती ठेवला होता. शिवाय १८८० मध्ये गोव्यातील हिंदूंच्या रूढींची स्वतंत्र संहिता निघाली. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर दुसऱ्या लग्नाची वाट तिने हिंदू पुरुषाला मोकळी ठेवली. समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याचे उदाहरण देताना हे कलम बहुधा विसरले जाते.

आता 'परदेशी जोडीदार' या मुद्द्याकडे वळू. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा हाच परदेश होता. पेडण्याची मुलगी गिरगावात किंवा पार्ल्यात दिली तर ती पोर्तुगीज प्रजाजन म्हणून येई. कॅसलरॉक आणि कुळे येथे सामानाची जकात तपासणी होई. १९५५ च्या सत्याग्रहानंतर तर सीमेवरचे येणे-जाणेच दुष्कर झाले. घरात कोणी तिला परदेशी म्हणत नसे, कारण कुलदैवत गोव्यातच होते. कायद्याची दृष्टी मात्र वेगळी होती. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजन मानली. परक्याशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री परकी मानली. स्त्रीचे राष्ट्र नवऱ्याबरोबर बदलत असे, जसे आपल्याकडे आडनाव बदलते. पोर्तुगीज संहितेचा तर्कही याच जातीचा होता. पोर्तुगीज आणि परदेशी व्यक्ती यांचा विवाह देशाबाहेर झाला आणि मालमत्तेविषयी काही ठरवलेले नसले, तर पतीच्या देशाचा सामान्य कायदा लागू समजावा, असे तिच्यात होते. म्हणजे गोव्याचा मुलगा मुंबईची बायको करी तेव्हा तिला निम्म्या संसाराची मालकी मिळू शके; गोव्याची मुलगी लग्न होऊन मुंबईला येई तेव्हा माहेरच्या कायद्याने दिलेला हा हक्क ती सीमेवरच सोडून येई. जकातनाक्यावर जे तपासले जात नव्हते असे हे सामान.

प्राप्तिकराचा इतिहास या कथेला येऊन मिळतो तो इथे. भारतात हा कर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला, तो सत्तावनच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी. १८८६ च्या कायद्याने तो स्थिरावला, १९२२ च्या कायद्याने त्याला आजचे वळण मिळाले. या कायद्याला पती-पत्नीच्या संसाराविषयी जो रस होता तो संशयाचा होता. नवरा कर चुकवण्यासाठी बायकोच्या नावाने पैसे ठेवील, ही धास्ती. म्हणून १९३७ मध्ये दुरुस्ती झाली: पतीने दिलेल्या मालमत्तेतून, किंवा पतीच्या भागीदारी पेढीत भागीदार म्हणून, पत्नीला जे उत्पन्न मिळेल ते पतीच्या उत्पन्नात मिळवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, आणि १९६१ च्या कायद्यात ६४ व्या कलमाच्या रूपाने तिचा विस्तार झाला. कराच्या नजरेत बायकोच्या नावाची ठेव ही बहुतेकदा नवऱ्याचीच ठेव.

गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने तेथील जुने कायदे तूर्त चालू ठेवले, आणि १ एप्रिल १९६३ पासून भारताचा प्राप्तिकर तेथे लागू झाला. दोन परस्परविरोधी गृहीतके एका घरात राहायला आली. एक म्हणत होते, पत्नीचे ते पतीचे समजा. दुसरे म्हणत होते, पतीच्या नावावरचेही निम्मे पत्नीचे आहे. मग भाड्याच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कोणी भरायचे? पतीने एकट्याने? दोघांनी निम्मे-निम्मे? की दोघांचा मिळून एक 'व्यक्तिसमूह' मानायचा? हा वाद न्यायालयांत गेला आणि सुमारे तीस वर्षे रेंगाळला. अखेर १९९४ च्या वित्त कायद्याने '५-अ' हे कलम घातले आणि ते १ एप्रिल १९६३ पासूनच अमलात होते असे समजावे, असे पूर्वलक्षी शब्द योजले. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतील सहमालकीच्या व्यवस्थेखालील पती-पत्नींचे पगाराखेरीजचे सर्व उत्पन्न दोघांत समान वाटावे व दोघांनी स्वतंत्रपणे दाखवावे. पगार मात्र ज्याने कमावला त्याचाच.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांसाठी एक गंमत: या कलमाच्या छापील पाठात संहितेचे वर्ष १८६० असे आहे. संहिता १८६७ ची. चूक कोणी केली ठाऊक नाही, पण संसदेने संमत केलेला पाठ म्हणजे प्रमाण पाठ. हस्तलिखितातल्या लेखकूच्या प्रमादावर आपण पानेच्या पाने लिहितो. इथे तर प्रमादालाच कायद्याचे बळ मिळाले. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या, १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिवस ठरलेल्या २०२५ च्या कायद्यातही पोर्तुगीज व्यवस्थेची ही तरतूद ठेवलेली आहे.

मुंबईशी या विषयाचा धागा किती जिवंत आहे, हे १३ सप्टेंबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दाखवले. गोव्याचा अधिवास असलेल्या एका गृहस्थाचे मुंबईत घर होते आणि ते त्यांनी मृत्युपत्राने एका मुलीला दिले होते. भारतात कोठेही मालमत्ता असो, गोव्याच्या अधिवासीचा वारसा गोव्याच्याच संहितेने ठरेल, असे न्यायालयाने सांगितले. ज्या उपनगरी इमारतींत आपण भाडेकरू, मालक, सोसायटीचे सभासद म्हणून राहतो, त्यांतल्या काही दारांआड अशी संहिता नांदते आहे.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिच्या सी. ए. ने तीन प्रश्न वेगळे केले, आणि परदेशी जोडीदार असलेल्या प्रत्येकाने ते वेगळेच ठेवावेत असे मला वाटते. पहिला नागरिकत्वाचा, कराशी त्याचा संबंध आपण समजतो तितका थेट नाही. दुसरा निवासाचा: वर्षातले १८२ दिवस भारतात राहणारा निवासी, ही ढोबळ कसोटी, आणि तिला पोटनियमांची जोड आहे. नवरा अनिवासी, म्हणून त्याचा लिस्बनचा पगार येथे करपात्र नाही. मडगावच्या घराचे भाडे मात्र भारतातले उत्पन्न, ते करपात्रच. ती स्वतः निवासी, म्हणून तिकडच्या बँकेत दोघांच्या नावे असलेले खाते तिला परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागणार. तिसरा प्रश्न मालमत्तेच्या व्यवस्थेचा, आणि तो लग्नाच्या दिवशीच ठरून गेला होता. नवऱ्याचे पारपत्र बदलले म्हणून तो बदलला नाही.

तेव्हा उत्तर 'हो' असे होते. आजवर ती सर्वांत सोपा आयटीआर-१ भरत असे. ५-अ लागू असणाऱ्याला तो भरताच येत नाही. आयटीआर-२, त्यातला ५-अ चा तक्ता, जोडीदाराचा पॅन, भाड्याची आणि कापून गेलेल्या कराची विभागणी असे सगळे आले. मडगावच्या घराचे भाडे आजवर नवऱ्याच्या एकट्याच्या विवरणपत्रात जात होते. आता निम्मे तिच्याकडे आले आणि तिचा कर थोडा वाढला.

तिचा पुन्हा फोन आला तेव्हा मला वाटले, कुरकुर करील. ती म्हणाली, "मॅडम, कर भरला. पण भाडं निम्मं माझं असेल, तर घरही निम्मं माझंच ना?" लग्नाला अकरा वर्षे झाली होती. सासरी कोणी हे लपवले नव्हते. कोणी सांगितलेही नव्हते. माहेरी बोरिवलीत 'नवऱ्याचे घर' हा शब्दप्रयोग इतका सवयीचा की तिने स्वतःही कधी विचारले नव्हते.

आपल्या भाषेत 'अर्धांगिनी' हा शब्द आहे. मंगलाष्टकांपासून श्रद्धांजलीपर्यंत तो आपण वापरतो, आणि त्यातल्या अर्ध्याचा हिशेब कधी मागत नाही. तो हिशेब मागितला एका रुक्ष सरकारी तक्त्याने, तोही स्वतःचा महसूल गोळा करण्यासाठी. ज्या उत्पन्नावर कर भरावा लागतो ते आपले असते, एवढा साधा अर्थ त्या तक्त्यात होता. हक्काची बातमी बोरिवलीतल्या एका बाईपर्यंत कराच्या मागणीच्या रूपाने पोचावी, यात कायद्यापेक्षा आपल्या घरांविषयी, आणि ती घरे ज्यात बोलतात त्या भाषेविषयी, अधिक काही कळते.